लाज कुणाची?

वाचकहो, नारदाच्या गादीवर उभे राहून चाळीस वर्षे ज्या गोष्टीला मी नावे ठेवली, तिच्याविषयीच आज लिहायला बसलो आहे. ती गोष्ट म्हणजे सिनेमा. सिनेमा पाहणाऱ्याचा हरिपाठ चुकतो, असे मी किती गावांत सांगितले असेल याची मोजदाद नाही. अपवाद एकच ठेवला होता, १९३६ सालच्या प्रभातच्या 'संत तुकाराम'चा. आमच्या लहानपणी जत्रेतल्या तंबूत तो लागला, तेव्हा आईने चपला बाहेर काढून आत पाऊल टाकले होते. त्यामुळे तो सिनेमा नव्हेच, ते दर्शन, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

गेल्या चातुर्मासात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुण्यात मुलाच्या घरी दोन महिने पडून राहिलो. वारी चुकली. वारी चुकलेल्या वारकऱ्याचे मन कसे असते ते तुम्हाला सांगायला नको. पारायण होई, काकडा होई, पण दुपार जाता जात नसे. धाकटी नात कॉलेजातून आली की माझ्याजवळ बसे. एके दिवशी म्हणाली, "आबा, तुम्ही काशीचं नेहमी सांगता. काशीचा एक सिनेमा दाखवू? पण रागवायचं नाही."

सिनेमाचे नाव 'मसान'. मसान म्हणजे आपले मसण, स्मशान. २०१५ सालचा हिंदी सिनेमा. नीरज घायवान यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. लिहिला वरुण ग्रोवर यांनी. छायाचित्रण अविनाश अरुण यांचे, म्हणजे ज्यांनी मराठीत 'किल्ला' केला तेच. मोठ्या पैशाचे काम नव्हे, परदेशात जाऊन नाचणे नाही, त्या वेळी फारसे नाव नसलेली बरीचशी मंडळी. तरी फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले म्हणे. नातीने हे सगळे कौतुकाने सांगितले. मी मनात म्हटले, पुरस्काराने का कुठे देव भेटतो.

पहिला प्रसंग मी नातीबरोबर पाहू शकलो नाही, हे आधीच कबूल करतो. एक तरुण मुलगा आणि मुलगी हॉटेलात खोली घेतात. मी काठी घेऊन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तेव्हा खोलीत पोलीस शिरलेले होते. अधिकारी मुलीचे मोबाइलवर चित्रण करतो आहे आणि मुलगा न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतो. तो आपल्या हाताची शीर कापून घेतो आणि पुढे मरतो. कशासाठी? घरी कळेल म्हणून. मुलगी जिवंत राहते. तिचे नाव देवी. तिचा बाप विद्याधर पाठक, पूर्वीचा संस्कृतचा शिक्षक, आता घाटावर क्रियाकर्माच्या सामानाचे दुकान चालवतो. तो पोलीस अधिकारी बापाला सांगतो, तीन लाख आणून दे, नाहीतर मुलीची बदनामी करतो. बाप पैसे जमवू लागतो.

माझा राग पहिल्यांदा मुलीवर आला. मी तो लपवणार नाही. संयम, मर्यादा हे शब्द मी आयुष्यभर सांगितले आहेत आणि आजही सांगेन. तुळशीची माळ घातलेल्या माणसाला हे सोडून चालत नाही. मी म्हणालो, "बापाची अब्रू घालवली पोरीने." नातीने सिनेमा थांबवला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आबा, तिचा मित्र मेलाय. तिला रडायलासुद्धा कुणी जागा दिलेली नाही. ते तुम्हाला दिसलं नाही का?"

ते मला दिसले नव्हते. पुढे मी तेच पाहत राहिलो. त्या मुलीच्या चेहऱ्यावर पाप केल्याचा भाव नाही, शोक आहे. आणि तिच्या भोवतीचे एकूण एक माणूस तिच्याशी पापाविषयी बोलते आहे, शोकाविषयी कुणीच बोलत नाही. आपल्या धर्मात मेलेल्यासाठी दहा दिवस सुतक आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. बाप स्वतः त्या सामानाचा दुकानदार. गावभरच्या मढ्यांसाठी त्याच्याकडे दर्भ आहे, तीळ आहेत. पण लेकीच्या शोकासाठी त्याच्या दुकानात काही नाही.

वाचकहो, इथे मला माझे एक कीर्तन आठवले. ते सांगितल्याशिवाय पुढे लिहिता येणार नाही.

पंचवीसएक वर्षे झाली असतील. एका गावी सप्ताह होता, काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. आदल्या रात्री चार कर्ती माणसे बिऱ्हाडी आली. गावातली एक मुलगी तालुक्याला कॉलेजात जाते, एस.टी. स्टँडवर एका परजातीच्या मुलाशी बोलताना तिला दोघा-तिघांनी पाहिले, वळण बिघडते आहे, महाराजांनी कीर्तनात दोन शब्द सांगावेत. मी सांगितले. नाव घेतले नाही, पण गावात नाव घ्यावे लागत नाही. एस.टी.च्या स्टँडवरून एक विनोद केला. मंडप हसला. मुलीचा बाप टाळकऱ्यांत उभा होता, उजवीकडून तिसरा. चांगला टाळकरी, पहाडी आवाज. त्याचा टाळ त्या वेळी चुकला. मृदंगमणी हुशार होता, त्याने सांभाळून घेतले, पण मला ते ऐकू आले. चाळीस वर्षांत हाताखालचे टाळ किती चुकले असतील, ते सगळे मी विसरलो. हा एवढा विसरलो नाही.

आपल्यात कीर्तन संपल्यावर लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. तो माझ्या पाया पडला. त्याच्या कपाळाला बुक्का लावून मी पुढच्या माणसाकडे वळलो. त्याच्या पायाला माझा हात लागला नाही. गर्दी होती, असे मी स्वतःला नंतर अनेकदा सांगितले.

विद्याधर पाठक पैशासाठी काय करतो, ते पाहा. त्याच्या दुकानात झोंटा नावाचे एक पोरके पोर कामाला आहे, चुणचुणीत आणि पाण्यात सूर मारण्यात पटाईत. घाटावर पोरांच्या बुड्या मारण्यावर पैजा लागतात. हा पंडित, ज्याने मुलांना शास्त्र शिकवले, तो लेकीची अब्रू राखायला त्या पोरावर पैज लावतो आणि पोर मरता मरता वाचते. दवाखान्यातला त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. माणूस वाईट नाही. लेकीवर माया आहे, पोरावरही आहे. पण लोक काय म्हणतील हे भूत एकदा मानगुटीवर बसले की शास्त्र जाणणारा माणूसही कोवळे पोर नदीत लोटतो. मी तर पैशासाठीही केले नव्हते. चार माणसांनी मान डोलवावी म्हणून केले होते.

आणि हे मी कोणत्या संप्रदायात उभा राहून केले? ज्याचा पायाच एका बहिष्कृत घरात घातला गेला, त्या संप्रदायात. विठ्ठलपंतांची कथा तुम्ही माझ्यासारख्या अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. काशीला जाऊन संन्यास घेतला, रुक्मिणीबाईंचे दुःख कळल्यावर गुरूंनी परत पाठवले, ते पुन्हा संसारात आले आणि आळंदीने त्यांना वाळीत टाकले. त्यांचा अपराध काय, तर आपल्याच पत्नीपाशी परत येणे. चार मुले झाली. मुलांची मुंज व्हावी म्हणून त्या दोघांनी देहान्त प्रायश्चित्त पत्करले, आणि प्रयागी जाऊन जलात देह ठेवला, असे परंपरा सांगते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही त्यांची मुले. हा प्रसंग मी शेकडो वेळा सांगितला असेल. बाया पदराने डोळे पुसत, पुरुष खाली बघत. मग कीर्तन पुढे जाई. पण त्या वेळी आळंदीत कुणीतरी मानाच्या जागेवरून दोन शब्द सांगितलेच असतील ना? तो माणूस कोण, असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. रडताना मी नेहमी मुलांच्या बाजूला उभा असे. सोपी बाजू होती ती, सातशे वर्षांनी घेतलेली.

सिनेमात दुसरी एक कथा समांतर चालते. दीपक नावाचा मुलगा, डोम घराण्यातला. काशीच्या घाटावर चितांचे काम या लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. चितेला अग्नी त्यांच्याकडून घ्यावा लागतो, चिता त्यांनीच सारखी करायची. दीपक इंजिनिअरिंग शिकतो आहे, त्यातून सुटायचे म्हणून. शालू नावाच्या वरच्या जातीच्या मुलीवर त्याचा जीव बसतो. तिला शेरोशायरीची आवड, याला त्यातले ओ की ठो कळत नाही. तरी दोघांचे जमते. ती सारखी विचारते, तुझे घर कुठे, आणि तो सारखा टाळतो. शेवटी एक दिवस चिडून सांगून टाकतो, प्रेते जाळणारा मी. ती घाबरत नाही. काही दिवसांनी सांगते, वेळ आली तर घर सोडून येईन. मग ती घरच्यांबरोबर यात्रेला जाते.

पुढचे मला सांगवत नाही, पण सांगतो. एका रात्री घाटावर एकदम खूप प्रेते येतात. यात्रेच्या बसला अपघात झालेला. काम आटपत नाही म्हणून दीपकला हाताशी घेतात. एका कापडाखालून हात बाहेर आलेला असतो आणि त्या हातात एक अंगठी असते. ती अंगठी त्याला ओळखू येते.

मी नातीला म्हणालो, "थांबव जरा." मला मंगळवेढे आठवले होते. चोखोबा वेशीचे गावकूस बांधायला वेठीला गेले, भिंत कोसळली, कितीतरी मजूर दबून गेले. शके १२६०ची गोष्ट. देवाने नामदेवरायांना पाठवले, चोखोबाच्या अस्थी घेऊन या. ढिगाऱ्यात सगळ्यांचीच हाडे. ओळखायची कशी? नामदेवराय एकेक अस्थी कानाला लावत गेले आणि जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबाची, अशी आपली श्रद्धा. त्या अस्थी पंढरपुरी आणून महाद्वारापुढे समाधी बांधली. मढ्यांच्या ढिगातून आपले माणूस ओळखायला काय लागते, हे मी त्या कथेतून सांगत आलो. नाम लागते, असे सांगत आलो. ते खरेच आहे. पण त्या रात्री मला वाटले, नामदेवांचे चोखोबांवर प्रेम नसते तर त्यांनी हाड कानाला लावले असते का? महाराचे हाड? नाम हाडात होते, पण कान लावणारा आधी हवा होता.

आणि समाधी कुठे आहे? महाद्वारापुढे, बाहेर. चोखोबांच्या जातीतल्या लेकरांना पुढे सहाशे वर्षे आत जाता आले नाही. १९४७ साली साने गुरुजींना त्यासाठी पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. आपण रोज पायरीला हात लावून आत जाणारी माणसे, हे विसरून जातो.

काशीवरून दुसरे आठवते ते हरिश्चंद्राचे. वारकरी कीर्तनात आख्यानाला नारदीय कीर्तनासारखे स्थान नाही, पण दृष्टांत म्हणून मी हरिश्चंद्र पुष्कळदा घेतला. सत्यासाठी राज्य गेले, पत्नी विकली, पुत्र विकला आणि शेवटी राजा स्वतः डोमाच्या घरी विकला गेला. मसणात राखण करू लागला. तारामती मेलेल्या रोहिदासाला घेऊन येते, तिच्याजवळ कर द्यायला काही नाही, आणि राजा आपल्याच बायकोकडे कर मागतो. इथे मी आवाज खाली आणत असे. राजाच्या दुःखाची परिसीमा दाखवायला मी काय म्हणत असे, माहीत आहे? "डोमाची चाकरी, याहून खाली ते काय!" आणि मंडप हळहळत असे. काशीत त्या राजाच्या नावाचा घाट आजही आहे, तिथे चिता आजही जळतात आणि काम करणारी माणसे तीच आहेत. राजाची परीक्षा संपली, देव प्रकट झाले, राज्य परत मिळाले. डोमाचे काय? तो तर कोणत्याच परीक्षेला बसला नव्हता. तो जन्मला तिथे होता आणि राजा निघून गेल्यावरही तिथेच राहिला. माझ्या चाळीस वर्षांच्या निरूपणात त्याला एक वाक्य मिळाले नाही. तो फक्त राजाच्या दुःखाचे माप होता.

मी स्वतः काशीला गेलो तेव्हा त्या घाटावरून नाकाला उपरणे लावून पुढे सरकलो होतो. गंगेचा गडू मात्र भरून आणला.

हे सगळे एका फडकरी मित्राला फोनवर सांगितले. वयाने माझ्याबरोबरीचे, अधिकारी माणूस. ते म्हणाले, "बुवा, तुम्हाला वार्धक्य आलं. पोरापोरींचं ते प्रेम देहाचं. त्याला संतांच्या पंगतीला कशाला बसवता? मोह तो मोह." त्यांचे म्हणणे सहज टाकून देण्यासारखे नाही. देहाची ओढ माणसाला कुठे नेते, ते मीही पाहिले आहे. मोडलेले संसार पाहिले आहेत, टाकलेल्या बायका पाहिल्या आहेत. प्रेम झाले म्हणून सगळे शुद्ध झाले, असे मी म्हणत नाही.

पण मी त्यांना विचारले, माउलींच्या विराण्या तुम्ही गाता ना? पती दूर आहे, चांदणे पोळते, चंदन सोसवत नाही, या बोलीत माउली देवाचा विरह बोलतात. ही बोली त्यांनी आणली कुठून? घरातल्या, शेजारच्या, आळीतल्या कुणा बाईच्या खऱ्या विरहातूनच ना? ज्याने कधी कुणाची वाट पाहिली नाही त्याला विराणीचा अर्थ काय सांगणार? दृष्टांत खोटा असेल तर सिद्धांत कशावर उभा राहील? आपण देवाला प्रियकर म्हणायचे आणि प्रियकराला चिखल म्हणायचे, हे दोन्ही एका तोंडाने कसे? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विराणी आहे म्हणून एस.टी. स्टँड पवित्र होत नाही." आम्ही दोघेही हसलो. त्यांना त्या कीर्तनाची हकीकत माहीत नव्हती. माझे हसू मलाच बोचले.

दीपक पुढे ती अंगठी दुःखाच्या भरात गंगेत फेकून देतो आणि लगेच तिच्यामागे उडी घेतो. त्याला ती सापडत नाही. ती लागते झोंटाच्या हाती, आणि पंडिताला उरलेले पैसे भरायला उपयोगी पडते. एका डोमाच्या मुलाचे प्रेम एका ब्राह्मणाच्या लेकीला सोडवते आणि तिघांपैकी कुणालाच ते कळत नाही. हे जुळवून आणले आहे, असे एखादा म्हणेल. म्हणो. आपल्या कथांत मासा अंगठी गिळतो आणि शकुंतलेची ओळख पटते, तेव्हा आपण कुठे हरकत घेतो.

शेवट प्रयागचा. देवी त्या मेलेल्या मुलाच्या आईबापांना भेटायला जाते. घरात काय होते ते दाखवत नाहीत, नुसते आवाज बाहेर येतात. ती नदीकाठी येऊन रडत बसते. तिथे दीपक असतो, त्याला तिथेच रेल्वेत नोकरी लागलेली आहे. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. तो तिच्यापुढे पाण्याची बाटली धरतो. नाव विचारत नाही, जात विचारत नाही, का रडतेस हेही विचारत नाही. मला नाथमहाराज आठवले, रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतणारे. मग एक नावाडी हाक मारतो आणि दोघे संगमाकडे जाणाऱ्या नावेत बसतात. सिनेमा तिथे संपतो. नातीचे डोळे भरले होते. मला संगमाच्या त्या पाण्यात दुसरेच दोघे दिसत होते, चार लेकरे मागे ठेवून आलेले.

कार्तिकी झाल्यावर गुडघा चालू लागला. त्या गावच्या विणेकऱ्याचा नंबर मिळवला. चौकशी केली. टाळकरी हयात आहे, पण देवळात येत नाही. त्या सप्ताहानंतर महिन्याच्या आत मुलीचे लग्न लांबच्या गावी करून दिले, शिक्षण अर्धवट राहिले. फार येत नाही माहेरी. विणेकऱ्याने सहज सांगितले, त्याला माझे कीर्तन आठवतही नव्हते.

मी एस.टी.ने गेलो, स्टँडवर उतरलो. त्याच्या ओसरीवर गेलो तर त्याने लगेच ओळखले. "महाराज, तुम्ही?" म्हणून घोंगडी अंथरली, आतून चहा आणवला. पावसाचे बोलणे झाले, सोयाबीनच्या भावाचे झाले. भिंतीवरच्या खुंटीला टाळ टांगलेले होते, दोरी काळी पडलेली. मी दोनदा तोंड उघडले आणि दोनदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी बोललो. चाळीस वर्षे वाणीवर पोट भरलेला माणूस मी, पण एक वाक्य जुळेना. मुलीचे विचारले तेव्हा म्हणाला, "तिचा थोरला आता कॉलेजला जातो."

उठताना काठी बाजूला ठेवून मी खाली वाकलो. त्याने दोन्ही कोपरांना धरून मला मध्येच थांबवले. म्हणाला, "राहू द्या महाराज, गुडघा सांभाळा." मी म्हणालो, "आज हात लावू द्या." त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि कोपरे सोडली.